सहा बावन्नचा मुहूर्त आणि चाळीस तणावे

तारीख ३ मे १९५७, शुक्रवार. रक्कम रुपये पंचाहत्तर. हजर तिघे: मी, आमची मंडळी आणि चाकणचे मांडववाले चाचा. ठिकाण आमचं कासारवाडीचं अंगण. थोरल्या मुलीचं लग्न १९ तारखेला, गोरज मुहूर्तावर, सहा वाजून बावन्न मिनिटांनी. माणसं तीनशे. मुलगी आणि ही तीनशे माणसं ज्याच्याखाली बसणार तो मांडव वाऱ्याने त्यांच्या अंगावर पडता कामा नये, एवढीच माझी अट होती.

वाऱ्याचं मला त्या वर्षी वेडच लागलं होतं. पिंपरीला एका नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या कचेरीत मी हिशेबनीस. शेडच्या छपरासाठी किती जोराचा वारा धरायचा, हे काढायची रीत आमच्या इंजिनिअरसाहेबांनी मला शिकवली. दर वर्षीचा फक्त सर्वांत मोठा झोत घ्यायचा, बाकीचे सोडून द्यायचे. ते आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, खास आखलेल्या कागदावर ठिपके द्यायचे आणि त्यांतून पट्टीने रेघ ओढायची. रेघ पुढे वाढवली की पन्नास वर्षांत एकदा येणारा वारा कागदावर सापडतो. अजून आलेलाच नाही असा वारा! पुण्याच्या वेधशाळेतून अठरा वर्षांचे अठरा आकडे मी स्वतः उतरवून आणले होते. रेघ ओढली त्या संध्याकाळी मी कचेरीतून घरी चालत आलो की तरंगत, ते आठवत नाही.

तोच वारा मी चाचांपुढे ठेवला आणि मांडव ताणून धरायला सोळाऐवजी चाळीस तणावे मागितले.

चाचा म्हणाले, "भाऊसाहेब, मांडव घालायचाय का किल्ला बांधायचाय?"

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबही हसले. "अहो, मांडव दोन दिवस उभा राहणार. त्याला पन्नास वर्षांचा वारा कशाला?"

बरोबर होतं. मी नवा हिशेब मांडला. सोळा तणाव्यांचा मांडव वर्षातल्या सर्वांत मोठ्या वाऱ्याने पडेल, असं धरलं. तो वारा तीनशे पासष्ट दिवसांपैकी नेमका आमच्या दोन दिवसांत येण्याचा संभव एकशे ब्याऐंशीत एक! मी इतका खूश झालो की घरात शिरा करायला सांगितला.

रवा भाजता भाजता मंडळींनी विचारलं, "अहो, पौषात कधी कुणाचे पत्रे उडालेले ऐकलेत?"

अठरा आकडे उतरवताना शेजारचा तारखांचा रकाना मी उतरवलाच नव्हता. वाऱ्याचा जोर हवा होता, तारीख कशाला, असं वाटलं होतं. पुढच्या शनिवारी अर्धी सुटी घेऊन पुन्हा पुणं गाठलं. अठरांपैकी चौदा वारे १६ एप्रिल ते ७ जून या त्रेपन्न दिवसांतले, आणि बहुतेक दुपारी चारनंतरचे. वळवाचे. एकशे ब्याऐंशीचे झाले चौतीस. शिरा आधीच खाऊन झाला होता.

चाचांना हे सांगितलं. त्यांनी विडी विझवली.

"आन् त्याच वर्षीचा दुसरा वारा? तिसरा? ते काय पाया पडून जात्यात?"

ते तर मी रीतीप्रमाणे फेकूनच दिले होते! चौतीसही आता खरे राहिले नाहीत, आणि नवा आकडा काढायला माझ्याकडे काही नव्हतं. मग मी व्याह्यांकडे गेलो आणि मुहूर्त सकाळचा घ्या म्हणालो.

"आमच्याकडे वाऱ्याला विचारून मुहूर्त काढत नाहीत," व्याही म्हणाले. "पत्रिका वाटून झाल्या."

तोड काढली ती चाचांनी. "दोर माझ्याकडं पडून हायेत, चाळीस घ्या. पर ते वाशांना. वरचं छत मी एकेरी सुतळीनं बांधणार. वारा लई झाला तर सुतळी तुटंल, छत जाईल. वासे न्हाई जायाचे. कापड डोक्यात पडून कुणी मेलेलं मी बघितलं न्हाई."

१९ तारखेला सव्वापाचला भोसरीच्या बाजूने लाल धूळ उठली. मी अंगणातल्या सगळ्यांना घरात आणि शेजारच्या ओसऱ्यांवर पळवलं. मग सुतळ्या तुटायला लागल्या: तट्, तट्, तट्, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छत फुगलं, उठलं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून निघून गेलं. त्याच्यामागे सदतीस पत्रावळी आणि व्याह्यांची टोपी. मुलगी मुंडावळ्या धरून खिडकीतून ओरडली, "बाबा, वासे बघा, वासे!" मी वासेच मोजत होतो. बाविसांपैकी बावीस उभे! मी अंगणात एकटाच टाळ्या वाजवत होतो, असं मंडळी अजून सांगतात.

पंधरा मिनिटांत सगळं शांत. वर स्वच्छ आभाळ, खाली चाळीस तणाव्यांचं जाळं, आणि त्यात अडखळणारे तीनशे पाहुणे. बोडके व्याही एक तणावा ओलांडत होते तोच दुसऱ्यात त्यांचा पाय अडकला.

"हिशेबनीस, आणखी किती आहेत हो?"

"तुमच्या पुढे एकोणीस," मी म्हणालो. खरंच एकोणीस होते. ते हसायला लागले, मग विहीणबाई, मग अख्खं अंगण. अक्षता पडल्या त्या बरोबर सहा बावन्नला, उघड्या आभाळाखाली.

छत रुळांपलीकडच्या बाभळीवर सापडलं, पाच ठिकाणी फाटलेलं. २१ मे रोजी चाचांना ठरलेले पंचाहत्तर रुपये दिले. छताच्या नुकसानीचे वर अकरा देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. छत जाणार हे आपण आधीच सांगितलं होतं, म्हणाले. ते अकरा रुपये शिवणाची मजुरी म्हणून त्यांच्या बायकोला दिले. बाईंनी मोजून घेतले.