झाडू कुणाच्या हातात

इंदिरानगरातल्या आमच्या शाळेत दर शनिवारी वर्गाची साफसफाई असते. मुलगे बाकं सरकवून मैदानावर पळायचे आणि झाडू मुलींच्या हातात राहायचा. एकदा मी समतेवर अगदी रंगात येऊन बोलत होतो, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उठली.

"सर, आमचं झाडून होईपर्यंत कबड्डीची निवड उरकलेली असते. हीच का समता?"

मी खडू खाली ठेवला आणि सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या माझ्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

"सरांची पण टाका!" मागून कुणीतरी ओरडलं.

नशीब बघा, झाडायला तीन मुलगे निघाले आणि चौथा मी. पन्नाशी आली तरी घरी कधी झाडू धरलेला नाही. ऐटीत सुरुवात केली, तर पंख्याच्या वाऱ्याने सगळा कचरा परत बाकांखाली.

"अहो सर, आधी पंखा बंद करायचा!" दारातून तीच मुलगी हसत म्हणाली आणि मैदानाकडे धावली.

ती संघात निवडली गेली. धुळीने माखलेला मी घरी गेलो आणि छाती फुगवून बायकोला सगळं सांगितलं.

"वा, शाबास!" ती म्हणाली. "आता तो डबा इकडे द्या. घरच्या चिठ्ठ्या मी टाकते."