ओल्या फडक्याची परीक्षा

तर काल आपण तिकिटाच्या खिडकीपाशी थांबलो होतो. आतल्या बाईंनी विचारलं, "किती जण?" हा म्हणाला, "एक." बाईंनी मान वाकडी करून त्याच्या मागं बघितलं आणि परत विचारलं, "बरोबर कुणीच नाही?" हा म्हणाला, "आहे. पण तिचं तिकीट मागंच काढून झालंय." बाईंना काही उमगलं नाही. रांग वाढत होती, त्यांनी तिकीट फाडून दिलं.

काल जे मधूनच उठून गेले त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. मला काय, दोनदा सांगायला मिळालं तर बरंच. हा म्हणजे आमचा चुनेकाका. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीवर आम्ही दोघं एकोणतीस वर्षं एका परांचीवर होतो. मी पाणी आणि चुना वर चढवायचो, तो भरायचा. काय भरायचा, तर नावं. लोक सहलीला येतात, खिशातली किल्ली काढतात आणि शेकडो वर्षांच्या भिंतीवर स्वतःचं नाव खरवडून जातात. ती नावं बुजवणं हे याचं काम. त्याच दगडाची भुकटी चुन्यात कालवायची, बोटाच्या टोकानं पातळ थर द्यायचा, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. नावांपेक्षा बदामच जास्त असायचे, बाण घुसलेले. मी म्हणायचो, "अरे, तुझ्याइतकी प्रेमं कुणाच्या बापानं गाडली नसतील." तो म्हणायचा, "पाणी आण."

भिंत पुरी वाळली की तो तिच्यावरून ओलं फडकं फिरवायचा. घाईनं, एकाच थरात भरलेला चुना पाणी जास्त पितो, दगडापेक्षा काळपट होतो, आणि बुजवलेलं नाव जसंच्या तसं वर येतं. तसं आलं की हाताखालच्या भरणाऱ्याला सगळं उकरून पुन्हा भरायला लावायचा. नाही आलं तर म्हणायचा, "चालेल." याच्या पलीकडे त्याची मजल कधी गेली नाही. लग्नात मी विचारलं, वहिनी कशी वाटली? "चालेल." वहिनींनी ते ऐकलं आणि पुढं जन्मभर त्याला ताट वाढताना विचारत राहिल्या, "आज चालेल का?" मुलगी वर्गात पहिली आली, प्रगतीपुस्तकावर सही करताना साहेब काय म्हणाले असतील ते तुम्हीच सांगा.

मुलगी एकच. मोठी चौकस. एकदा डबा घेऊन कामावर आली आणि परांचीखालून ओरडून विचारलं, "बाबा, बांधणाऱ्या राजाचं नाव पाटीवर आहे. तुमचं कुठंय?" हा वरून म्हणाला, "माझं नाव दिसलं तर काम चुकलं." ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली होती. मला आठवतं, कारण तोवर मी तिच्या डब्यातली अर्धी भाजी संपवली होती.

बारा वर्षांची असताना ती शाळेच्या सहलीला गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून यायच्या आधीच मुख्याध्यापिकेची चिठ्ठी शिपायाकरवी घरी आली. 'आपल्या मुलीने राजवाड्यात तिसऱ्या कमानीखाली भिंतीवर नाव कोरले. समज द्यावी.' चिठ्ठी वाचून हा पांढराफटक पडला. कुणाच्या घरी हे व्हावं? पोरगी दारातून आत येत म्हणाली, "बाबा, ऐका तरी, मी..." हा म्हणाला, "एक शब्द नको. बाप जन्मभर जी घाण पुसतो तीच तू करून आलीस." मारलं नाही. पण आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला तेव्हा तो विषय दोघांनीही काढला नाही, आणि पुढं कधीच निघाला नाही.

ती मोठी झाली, नर्स झाली, परगावी राहिली. वहिनी गेल्या. आणि मागच्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, चार महिन्यांच्या आजारात तीही गेली. तिच्या पेटीत याला त्या सहलीची वही सापडली, म्हणून वहिनींना दाखवायला तो हाक मारायला गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की घरात कुणी नाही. वहीत लिहिलं होतं: आधी विहीर, मग मनोरा, मग घुमट, शेवटी राजवाडा. अक्षर तिचंच. तिची ओळ नेहमी चढावर निघायची, डावीकडून उजवीकडे वर वर.

मला म्हणाला, "एक दिवस जाऊन येतो. तिच्या क्रमानं बघतो. तिनं कोरलेल्या नावावरून एकदा हात फिरवायचाय."

मी म्हणालो, "अक्षर वहीत आहे की."

"वहीवरून किती वेळा फिरवू? कागद विरायला आलाय." मग म्हणाला, "आता एवढंच की तिथं माझ्यासारख्या कुणी भरलं असेल तर संपलं. मलाही सापडायचं नाही."

तर असा तो एकटा निघाला. आणि गंमत बघा, एवढी वर्षं या कामात गेली, पण याला वास्तू कशी बघतात ते ठाऊकच नव्हतं. आम्ही भिंत हातभर अंतरावरूनच बघितलेली. विहिरीत उतरला तो दगडांचे सांधे चाचपत. मनोऱ्यापाशी सगळं जग मागं सरकून वर बघतंय, आणि हा भिंतीला नाक लावून उभा. फोटो काढणारा म्हणाला, "काका, जरा बाजूला. तुम्ही मध्ये येताय." हा म्हणाला, "मी जाईन हो, पण इथला चुना सुटत चाललाय, तो फोटोत येऊ द्या."

घुमटात गाइड सांगत होता, भिंतीशी कुजबुजलं की थेट समोरच्या बाजूला ऐकू येतं. वहीत होतं, 'मी हळूच हाक मारली, पलीकडून मैत्रिणीने ओ दिली.' यानंही भिंतीला तोंड लावून हाक मारली. काय हाक मारली ते मला सांगितलं नाही. पलीकडे कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबून तो बाहेर आला.

राजवाड्याला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. तिसरी कमान. भिंत स्वच्छ, एक ओरखडा नाही. त्यानं रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि छातीच्या उंचीवर फिरवला. काही नाही. खांद्याच्या उंचीवर, काही नाही. कुणी तरी चांगला हात फिरवून गेला होता. मग त्याच्या डोक्यात आलं की आपण आपल्या उंचीनं शोधतोय. तो गुडघ्यांवर बसला आणि बारा वर्षांच्या पोरीच्या हाताला येईल तिथं रुमाल दाबला.

आधी नुसता डाग आला. मग डागाची रेघ झाली. ओळ चढावर निघाली होती, डावीकडून उजवीकडे वर वर.

पण नाव तिचं नव्हतं. याचं होतं. बापाचं पूर्ण नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'दुरुस्ती करणारे.'

मी त्याला किती वेळा विचारलं, तेव्हा काय वाटलं? तो म्हणतो, "बाबा, ऐका तरी, असं म्हणाली होती ना ती." बस, एवढंच.

अक्षरं वाळून पुसट होत होती. तो परत रुमाल दाबत होता, नाव परत येत होतं. बाटली संपली. तेवढ्यात पहारेकरी आला, हातात खडू.

"काय करताय आजोबा? भिंतीला पाणी लावायचं नसतं."

"बघतोय. मी याच कामातला. नावं भरायचो."

"अरे वा, मग बरे भेटलात." पहारेकरी खाली वाकला. "हे बघा, कुणीतरी घाईत भरून गेलंय, पावसात असंच वर येतं. परवा दुरुस्तीची माणसं येणार आहेत, खराब दिसेल तिथं खूण करून ठेवायला सांगितलंय. तुम्हीच सांगा, हे उकरायला लावू ना?" आणि त्यानं खडू पुढं केला.

चुनेकाकानं शेवटच्या ओल्या अक्षरावर हात ठेवला आणि म्हणाला, "नको. काम चांगलं झालंय."