सोमवारची मोरी

कोल्हापूरच्या उद्यमनगरला सोमवारी सुट्टी असते. लेथ बंद, भट्ट्या बंद, चहाचा गाडाही दुपारनंतर गायब. अशा सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला शिवलीला गल्लीत शिरायची, पिशवीतली किल्ली काढून अण्णासोंच्या कारखान्याचं शटर कमरेइतकं वर करायची आणि वाकून आत जायची. सगळं शटर उघडलं की लोक काम घेऊन येतात, हे तिला अनुभवानं माहीत झालं होतं.

अण्णासोंचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा. लग्नपत्रिका, पंपांवर चिकटवायचे स्टिकर, मोटारींच्या नावाच्या पट्ट्या, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं. पुढं छपाईची तीन टेबलं, मधे एक काळोखी खोली, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली मोरी. अण्णासो गिऱ्हाइकांसमोर तिला ‘वॉशिंग बूथ’ म्हणायचे. गिऱ्हाईक गेलं की तेही पुन्हा मोरीच म्हणत. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला कोटिंग चढवायचं, त्यावर मजकुराची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा, मग मोरीत उभं करून पाण्याचा फवारा मारायचा. अक्षरांच्या जागचं कोटिंग धुऊन निघतं आणि मागं अक्षरं उरतात. छपाई झाली की तीच जाळी ब्लिचिंगनं घासून पुन्हा कोरी करायची. हे धुण्याचं सगळं काम शिवलीलाचं.

१९९३ साली ती तिथं लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. वडील लहानपणीच गेले होते, आई बसव्वा आदल्या वर्षी गेली. उत्तरेश्वर पेठेत भाऊ शिवकुमार आणि वहिनी यांच्याजवळ ती राहायची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आई होती तोवर कानडी जास्त होतं. ती गेल्यावर शिवलीलाशी कानडीत बोलणारं कुणी उरलं नाही.

मोरीची साफसफाई चालू कामात होत नाही. दिवसभर धुऊन निघालेलं कोटिंग भिंतींवर सायीसारखं बसतं. वेळेवर खरवडलं नाही तर ते वाळून दगड होतं आणि त्याचे कण पुढच्या जाळीवर उडतात. नळाच्या फवाऱ्याची भोकं बोअरच्या पाण्यानं क्षार धरून बुजतात, ती सुईनं एकेक मोकळी करावी लागतात. खालच्या जाळीत गाळ अडतो. हे सगळं सुट्टीच्या दिवशी कुणीतरी करायला हवं होतं.

“सोमवारी कोण येणार?” अण्णासोंनी विचारलं, तेव्हा छपाईच्या टेबलांवरचे तिघंही मान खाली घालून शाई ढवळायला लागले.

“मी येतो की,” शिवलीला म्हणाली. कोल्हापूरच्या बायका पुरुषांसारखं ‘येतो, जातो’ बोलतात तसं.

सोमवारी भाऊ घरी असायचा. नवराबायको कुठंकुठं जायची, नाहीतर दार लोटून बसायची, आणि शिवलीलानं कुठल्या खोलीत थांबावं हे तिला कळायचं नाही. त्यापेक्षा मोरी बरी होती. पाण्याचा आवाज असायचा. दुपारी उपड्या चौकटीवर बसून भाकरी खायची. एकदा असाच सोमवार घालवून संध्याकाळी घरी जाताना फुलवालीनं गजरा हवाय का म्हणून विचारलं आणि शिवलीलाच्या घशातून आवाजच निघेना. सकाळपासून ती एक शब्दही बोलली नव्हती.

तीन वर्षं अशी गेली, आणि मग तिचे हात बिघडायला लागले.

कोटिंगमध्ये तेव्हा एक नारिंगी पावडर कालवायचे. त्यानंच ते उजेडात घट्ट व्हायचं. आधी तिची नखं पिवळी पडली. मग बोटांच्या बेचक्यात खाज, खाजेचे फोड, फोडांच्या भेगा. तिनं खोबरेल लावलं, हळद लावली. रात्री बरं वाटायचं, दिवसा पुन्हा पाण्यात हात.

त्याच वर्षी निपाणीकडचं एक स्थळ आलं. मुलगा सोसायटीत कारकून. शिवलीलानं पोह्यांच्या बशा आणल्या. मुलाच्या आत्यानं बशी घेतली आणि तिची नजर तिथंच थांबली.

“हाताला काय झालंय गं?”

“कामाचं हाय,” शिवलीला म्हणाली. “पावडरीनं होतंय.”

आत्यानं बशी टेकवली. पोहे तसेच राहिले. मंडळी गोड बोलून उठली, आणि आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. पुढच्या दोन स्थळांनी तर घरापर्यंत यायचीही तसदी घेतली नाही. गावात काय पसरलं होतं ते शिवलीलाला एका शेजारणीनं सांगितलं. पोरीच्या अंगावर उठतंय म्हणे, रोग हाय.

घरात कुणी काही बोललं नाही. फक्त एके दिवशी तिचा पेला फडताळाच्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आला. नंतर ताट. नंतर टॉवेलसाठी दाराआड वेगळा खिळा ठोकला गेला. वहिनी वाईट नव्हती. तिला लहान मूल होतं आणि ती घाबरली होती. हे शिवलीलाला कळत होतं, म्हणून भांडताही येईना.

शेवटी ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. कातडीची डॉक्टरीण वयानं तिच्याएवढीच होती. तिनं हातमोजे न घालता शिवलीलाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले.

“काम काय करता?”

शिवलीलानं सगळं सांगितलं.

“त्या पावडरीचं आहे हे. कुणाला लागत नाही. हातमोजे घाला, पाणी अंगावर उडू देऊ नका. काम सोडता आलं तर फारच उत्तम.”

“सोडून जाऊ कुठं?”

डॉक्टरणीनं तिच्याकडं बघितलं आणि मलम लिहून दिलं. शिवलीलानं हट्टानं कागदावर एक ओळ लिहून घेतली: ‘हा आजार संसर्गजन्य नाही.’ तो कागद शिवकुमारनं मोठ्यानं वाचला. वहिनी म्हणाली, “बरं झालं बाई, डोक्यावरचं ओझं उतरलं.” दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलीला चहाला आली तर पेला खालच्याच फळीवर होता.

त्या दिवशी तिनं अण्णासोंना गाठलं.

“मोरी नवीन करा. ही सगळीकडनं फुटल्या. पाणी निम्मं माझ्या अंगावर येतंय.”

“वीस वर्षं चाललीया की!”

“मग धुवा तुमी. मी उद्यापासनं येत न्हाई.”

अण्णासो मोठ्यानं बोलणारे होते, पण आडमुठे नव्हते. बारीक टिंबांची जाळी शिवलीलासारखी दुसरं कुणी धूत नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी तिचे हात पाहिले, टोपी काढली, डोकं खाजवलं. “बरं. पिराजीला सांगतो.”

पिराजी पलीकडच्या गल्लीत पत्र्याचं काम करायचा. पस्तिशीचा, सडपातळ, कानावर पेन्सिल खोवलेली. कारखाना बंद ठेवता येत नव्हता, म्हणून तोही सोमवारी यायला लागला. त्यानं आधी काही मोजलंच नाही. “तुमी कुठं उभ्या ऱ्हाता ते दाखवा,” म्हणाला. ती उभी राहिली. तिच्या कोपराच्या उंचीवर त्यानं भिंतीवर रेघ मारली. “आजवर वाकून धूत हुता व्हय? पाठ गेली आसंल.” तिच्या पाठीबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

तिनं चहा केला आणि कप त्याच्याजवळच्या स्टुलावर ठेवला. त्यानं वर बघितलं.

“हातात द्या की. टेकवताय कशाला?”

तिनं दिला. तो बोलत बोलत प्यायला. काय बोलत होता ते तिला नीट ऐकू आलं नाही.

नवी मोरी म्हणजे पायांवर उभी पत्र्याची पेटीच, तीन बाजूंनी बंद. कडा आत वळवलेल्या, म्हणजे पाणी बाहेर येणार नाही. पाठीमागं दुधी काच आणि काचेमागं ट्यूब, म्हणजे जाळीतलं सुईएवढं भोकही दिसेल. तळाला उतार, आणि बाहेर गाळ बसायला जमिनीत बांधलेली दोन कप्प्यांची टाकी. पाणी गळू नये म्हणून सांध्यांत नळीतलं सिलिकॉन भरलं. काम करता करता पिराजी आपलं सांगायचा. बायको काविळीनं गेली होती, मुलगी मुरगूडला आजीकडं होती, सहा वर्षांची, फोनवर बोलायला लाजायची. शिवलीलानं त्याला आईबद्दल सांगितलं. कानडी बोलायला कुणी नाही, हेसुद्धा सांगितलं. पुढच्या सोमवारी तो कुणाकडून तरी शिकून आला आणि दारातूनच म्हणाला, “ऊटा आयता?” जेवण झालं का, असं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. शिवलीला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दोन सोमवारांचं काम पाच सोमवार चाललं. कुणी लांबवलं ते दोघांनीही विचारलं नाही. पण पाचव्या सोमवारी शेवटचा रिबिट ठोकून झाला, हत्यारं पिशवीत गेली, आणि तो गेला.

हातमोजे होते, मोरी धड होती, हात हळूहळू भरून आले. फक्त सोमवार पूर्वीपेक्षा मोठा झाला. एखादी बिघडलेली गोष्ट दिसेल म्हणून ती मोरीचा सांधा न् सांधा तपासायची. काहीच बिघडत नव्हतं. पिराजीचं काम पक्कं होतं आणि तिची निगाही.

दोन महिने तिनं वाट पाहिली. मग एका सोमवारी तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डाव्या कोपऱ्यातलं सिलिकॉन वीतभर खरवडून काढलं. मंगळवारी कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. तिनं अण्णासोंना सांगितलं, “पिराजीला बोलवा. गळतंय.”

तो सोमवारी आला. गुडघ्यावर बसून त्यानं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे स्वच्छ दिसत होते.

“ह्ये आपोआप गेलेलं न्हाई,” तो म्हणाला.

शिवलीला मोरीची कोरडीच कड फडक्यानं पुसायला लागली. तो हसला असता तरी चाललं असतं. तो हसला नाही.

“मीच येणार हुतो तुमाला सांगायला,” तो कोपऱ्याकडंच बघत म्हणाला. “कागलला पंचतारांकित एमआयडीसीत शेडचं मोठं काम मिळालंय. तिकडंच खोली घेतोय. पोरीला आणायचं हाय.” थोडं थांबून म्हणाला, “आईनं लग्नासाठी एक जागा बघितल्या. आमच्यातलीच. पोरीला सांभाळायला कुणीतरी पायजे.”

“व्हय की,” शिवलीला म्हणाली. “पायजेच.”

“तुमच्या घरात चाललं नसतं. आमच्या बी.”

“मी काय म्हटलं काय?”

“न्हाई. तुमी काय म्हटलं न्हाई.”

मग त्यानं तिला जवळ बोलावलं. सांधा आधी कसा कोरडा करायचा, जुनं सिलिकॉन मुळापासून कसं काढायचं, नळी एका चालीनं कशी ओढायची आणि साबणाच्या ओल्या बोटानं कशी सपाट करायची, सगळं तिच्याकडून करून घेतलं. तिची पहिली रेघ वाकडी आली. ती काढायला लावून दुसरी भरायला लावली. “आता कुणाला बोलवायची गरज न्हाई,” तो म्हणाला, आणि ते किती वाईट वाटेल हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण सिलिकॉनची उरलेली नळी न मागता तिथंच ठेवून तो निघाला. शटरखालून वाकून जाताना त्याचं डोकं आपटलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. शिवलीलानं त्या दिवशी मोरी दोनदा धुतली.

नंतरची वर्षं भराभर गेली. नारिंगी पावडर बंद झाली, तयार डब्यातलं कोटिंग आलं. शिवकुमारची बदली सांगलीला झाली. “तू पण चल की,” तो म्हणाला, सामान टेंपोत भरून झाल्यावर. शिवलीलानं मंगळवार पेठेत एक खोली घेतली. स्थळं यायची कधीच थांबली होती. लोक म्हणायचे, एकटी बाई, भीती वाटत न्हाई का? भीती वाटत नव्हती. रविवारी संध्याकाळी थोडं जड वाटायचं, तेवढंच.

मग फ्लेक्स आला. अण्णासोंच्या मुलानं मोठं मशीन आणलं, एकेक करून तिन्ही टेबलं उचलली. जाळ्या धुवायला येईनाशा झाल्या. तरी सोमवारी शिवलीला येऊन कोरडी मोरी पुसायची. एकदा अण्णासो काही कागद विसरले म्हणून सुट्टीच्या दिवशी आले आणि तिला तसं पुसताना बघून दारातच थांबले.

“कशापायी गं?” त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

“गंज धरतोय,” ती म्हणाली.

२००७ साली मोरी विकायला काढली. हुपरीचा मृत्युंजय नावाचा माणूस बघायला आला. त्याच्या घरी पैंजण घडवायचं काम. पैंजणांच्या डब्यांवर नाव छापायचा जोडधंदा त्याला सुरू करायचा होता. त्यानं ट्यूब लावून पाहिली, सांधे पाहिले, खाली वाकून टाकीत बॅटरी मारली.

“कधीची हाय म्हणाला?”

“धा वर्षं झाली,” अण्णासो म्हणाले.

“काय सांगताय! कोण बघतंय हिला?”

अण्णासोंनी शिवलीलाकडं बोट केलं. मृत्युंजय तिच्याकडं वळला. “अक्का, मोरी मी नेतो. पण आमच्याकडं हे कुणालाच येत न्हाई. तुमी याल काय हुपरीला?”

तिनं खोलीवर जाऊन दोन दिवस विचार केला. विचारायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं तो लवकर झाला.

पुढच्या आठवड्यात ती सकाळच्या एसटीनं हुपरीला उतरली. बोळात घराघरातून बारीक ठोकाठोक ऐकू येत होती. मृत्युंजयच्या घरात ओट्यावर चारपाच बायका पैंजणांच्या कड्या जोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. परसात मोरी आणून ठेवलेली, अजून दोरखंडासकट.

“हितं बसवू?” मृत्युंजयनं विचारलं.

शिवलीलानं भोवती एक फेरी मारली. “पाणी कुठं जातंय?”

“कुठं म्हंजे? ह्या गटारीत.”

“तसं चालत न्हाई. आधी गाळाची टाकी बांधा, दोन कप्प्यांची. मग बसवू.”

“आठ दिवस जातील की वो!”

“जाऊ द्या.”

तो कुरकुरत गवंड्याला शोधायला गेला. शिवलीला परसात एकटीच उभी राहिली. थोड्या वेळानं ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं जरा सरकून जागा केली आणि कानडीत विचारलं, तू कुठली? शिवलीला तिथं जाऊन बसली. उत्तर द्यायला तिला वेळ लागला. कितीतरी वर्षांत ती भाषा तोंडात आली नव्हती, शब्द एकेक करून आठवावे लागत होते.