पूजेच्या दिवशी मेलेल्या पेशी

सुजाता पेशींशी भांडायची. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींची प्लेट उबदार इन्क्युबेटरमधून काढली, की सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून दम द्यायची, "वाढा मेल्यांनो, किती वाढताय ते बघतेच!" हिंजवडीजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी तेव्हा नवी होते. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

भांडण घरचं होतं. काळेवाडीत राहणाऱ्या तिच्या वडिलांच्या आतड्यात तसलीच गाठ होती. त्यांची सगळी नोकरी चाकणच्या कारखान्यात गेलेली. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा ती त्यांना समजावत होती, "पप्पा, एक एन्झाइम पेशीला 'वाढ' असा निरोप देतं. काम झालं की त्यानं गप्प बसायचं. तुमच्यातलं शिफ्ट सुटली तरी ओव्हरटाइम लावतंय." त्या एन्झाइमचं तोंड बंद करणारं औषध आम्ही तपासत होतो.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पाहिलं, तर औषध दिलेल्या पेशी झाडून सगळ्या मेलेल्या! औषध न दिलेल्यांतल्या बऱ्याच तगल्या होत्या. आम्ही नाचायचेच बाकी होतो. सुजाता मात्र इन्क्युबेटरच्या दाराला लागलेल्या हळदकुंकवाकडे बघत उभी राहिली.

देखभालीचे मामा सरळ माणूस. विचारताच म्हणाले, "खंडेनवमीला मशिन बंद करूनच पूजा करत्यात ना, ताई? आमच्या जुन्या कंपनीत तसंच हाय. दिवसभर इसावा दिला, सांजच्याला चालू केलं."

म्हणजे पेशी औषधाने मेल्या, की थंडीने आधीच अर्धमेल्या झाल्या होत्या म्हणून, कोण सांगणार?

"औषधाच्याच जास्त मेल्या ना? झालं तर!" प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. सुजाताच्या कंत्राटी नोकरीची मुदतवाढ त्यांच्याच हातात होती. सुजाताने प्रयोग पुन्हा केला. या वेळी पेशी थांबल्या खऱ्या, पण काहींनी दुसऱ्या एन्झाइमकडून निरोप मिळवला आणि पुन्हा वाढू लागल्या. तरी औषधात पैसे घालणाऱ्या कंपनीच्या पाहुण्यांसमोर सरांनी पहिलाच निकाल दाखवला. सुजाता ताडकन उठली.

"हे औषध चालावं असं या खोलीत सगळ्यात जास्त मला वाटतंय. पण तेव्हा इन्क्युबेटर बंद होता. हा निकाल खोटा आहे."

मुदतवाढ मिळाली नाही. शेवटच्या दिवशी मी चिडूनच म्हटलं, "अगं, थोडं गप्प बसली असतीस तर?"

बॅगेची चेन ओढत ती म्हणाली, "तर उद्या हेच औषध कुणाच्या तरी बापाला दिलं असतं. आणि त्याची लेक तो बरा व्हायची वाट बघत बसली असती."