बाईंची मापाची गाडी

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी आयुष्यात एकही वस्तू जशी मिळाली तशी वापरलेली नाही. याला अपवाद फक्त मी, आणि तोही लग्न लागून गेल्यावर माझं माप बदलून घ्यायची सोय नव्हती म्हणून. दुकानातून आणलेली छत्री त्या आधी मोच्याकडे नेतात, मूठ बदलून घेतात, काड्यांना चार टाके जास्त घालून घेतात आणि मगच पावसाला पडायची परवानगी देतात. त्यांची खाट त्यांच्यापेक्षा बरोबर एक वीत लांब आहे, कारण "अर्धी वीत उशीले अन् अर्धी वीत देवाले." डावी चप्पल उजवीपेक्षा किंचित मोठी, कारण चौतीस वर्षं सायकलवरून उतरताना डावाच पाय टेकवल्यानं तो पसरला, असं त्यांचं निदान आहे. आमच्याकडे चंद्रपूरला आल्या की तिसऱ्या दिवशी माझ्या कुकरच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली असते, पोळपाटाच्या पायाखाली पाचर असते आणि देवघरातल्या गणपतीचं तोंड जरा उजेडाकडे फिरलेलं असतं. त्या परत गेल्या की माझे यजमान म्हणतात, "बाई गेल्या की घर वाकडं वाटायला लागतं."

बाई नर्स होत्या. वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, जिथून पलीकडे मार्कंड्याच्या देवळाचं शिखर दिसतं, अशा एका गावच्या उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथंच राहिल्या. गाव त्यांना शिस्टरबाई म्हणतं. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. पंखा कुरकुरला तर त्या आधी त्याच्या मोटारीला हात लावून अंग गरम आहे का ते पाहतात. शेजाऱ्याचा पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी त्या बिचाऱ्याला ओट्यावर बसवून विचारलं होतं, "कवापासून होऊन राह्यलं? आधी असं झालं होतं का? घरात अजून कोणाचा पंप असा आहे का?" शेजारी म्हणाला, "माझ्या साळ्याचा आहे." बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मंग खानदानी आहे."

अशा बाईंनी बासष्टाव्या वर्षी बिजलीवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. गुडघे सायकलला नाही म्हणायला लागले होते. मी त्यांना हौसेनं शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं एक गुलाबी स्कूटर दाखवली, तिच्यात गाणी वाजतात, फोन चार्ज होतो, असं बरंच सांगितलं. बाईंनी वाकून तिची चाकं पाहिली, एक टायर अंगठ्यानं दाबलं आणि मला म्हणाल्या, "चल वं मास्तरीण. हे शहरातलं लेकरू आहे. रेतीत एक दिवस टिकणार नाई."

रेतीत कशाला जायचंय, हे मी तेव्हा विचारलं नाही. बाईंना 'कशाला' विचारलं की त्या तुमचीच जीभ बाहेर काढायला लावून पाहतात.

शेवटी चंद्रपूरच्याच बंगाली कॅम्प वस्तीतल्या एका टिनाच्या शेडमध्ये त्यांना हवा तसा माणूस सापडला. पन्नाशीचा, कोळसा खाणीतली इलेक्ट्रिशियनची नोकरी सोडून आलेला, आणि बोलणं हे विजेसारखंच जपून वापरावं असं मानणारा. तो गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे गाड्या बांधून देत असे. बहुतेक कॉलेजातली पोरं येत आणि वाऱ्यासारखी पळणारी गाडी मागत. बाईंनी स्टूल ओढलं, पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि पहिला प्रश्न टाकला, "आजवर किती गाड्या काढल्या तुम्ही?"

"असतीन तीस-पस्तीस."

"त्यातल्या जगल्या किती?"

मिस्तरी पाना खाली ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला. मला वाटतं, त्याच क्षणी त्याला ही बाई आवडली. म्हणाला, "दोन गेल्या. एक पोट्ट्यानं विहिरीत घातली, एक बॅटरी जळून. बाकी चांगल्या आहेत." बाईंनी ते लिहून घेतलं. पुढं तासभर दोघांचं जे चाललं ते ऐकून मला मी लग्नाच्या बैठकीला आले की प्रसूतिगृहात, ते कळेना. मिस्तरी म्हणे मोटार एवढ्या वॅटची घातली तर ताशी सत्तर पळेल. बाई म्हणाल्या, "मले पळाचं नाई भाऊ, चढाचं आहे. वीसच्या वर गेली तर तुमच्याच दारात आणून उभी करीन. पण रेतीत, चिखलात, बांधावर, कुठीच अडली नाई पाह्यजे." मिस्तरीच्या साऱ्या कारकिर्दीत ताकद मागून वेग नाकारणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

मग त्यानं साधा प्रश्न विचारला आणि बाईंनी वही मिटली. "बाई, वजन किती?"

चौतीस वर्षं बाईंनी पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाईला काट्यावर चढवलं होतं. कुणी चप्पल काढायला विसरली तर रागावल्या होत्या. पण त्यांचं स्वतःचं वजन त्यांच्या मायनंतर कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. मिस्तरी म्हणाला, "त्याच्याबिगर मोटार ठरत नाई." शेजारी भंगारवाला होता, त्याच्याकडे मोठा काटा होता. बाई उठल्या, माझा दंड धरला आणि काही कळायच्या आत मला घेऊन काट्यावर चढल्या. भंगारवाल्यानं आकडा मोठ्यानं वाचला. मिस्तरी म्हणाला, "आता एकजण उतरा." मी उतरणार, तर बाईंनी दंड सोडला नाही. "दोघींचंच लिहा. मांगं एकजण बसणारच आहे." त्या आकड्यातला मोठा भाग माझा, अशी त्या भंगारवाल्याची समजूत झाली असणार. तो माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहत होता.

मागं कोण बसणार, हे परतताना रिक्षात कळलं. गिरजाबाई. गावची सुईण. बाई नोकरीवर आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, रात्री अंधारात नाला ओलांडायला घाबरायच्या. तेव्हापासून ही गिरजाबाई कंदील धरून त्यांच्या पुढं चालली. शिकलेली एक आणि जाणती एक, अशा दोघींनी मिळून अर्धा तालुका जन्माला घातला. दरवर्षी महाशिवरात्रीला दोघी नदीच्या रेतीतून चालत मार्कंड्याच्या जत्रेला जायच्या. आता गिरजाबाई ऐंशीच्या आसपास, कमरेतून वाकलेली. तीन वर्षं जत्रा हुकली होती. "काठावर बसून शिखर पाहते अन् मले विचारते, शिस्टर, औंदा गर्दी आहे का वं? मले काय माहीत, मी बी तिच्याच बाजूले बसून राह्यतो." एवढं बोलून बाई रिक्षाच्या बाहेर पाहायला लागल्या, आणि लगेच रिक्षावाल्याला म्हणाल्या, "तुमचा ब्रेक खोकून राह्यला, भाऊ."

दीड महिन्यात गाडी झाली. सायकलची अक्का वाटावी अशी, जाड लोखंडाची, भोपळ्यासारख्या टायरांची, मागं पाठ टेकायला फळी आणि धरायला दोन्ही बाजूंनी कडी. रंग उपकेंद्राच्या दारासारखा निळा, तोही बाईंनी डबा नेऊन दाखवलेला. चाचणी शेडमागच्या मोकळ्या जागेत झाली. मिस्तरीनं, बहुधा कलावंताच्या मोहानं, वेग कमी केला नव्हता. बाई पदर खोचून बसल्या, मूठ पिळली आणि आमच्या नजरेसमोरून नाहीशा झाल्या. थोड्या वेळानं पलीकडच्या वस्तीला वळसा घालून परत आल्या तेव्हा हँडलवर कुणाची तरी चादर होती आणि मागून दोन बाया धावत येत होत्या. बाई उतरल्या, चादरीची घडी करून ज्यांची त्यांना दिली, गाडीच्या मोटारीला हात लावला आणि म्हणाल्या, "हिले ताप आहे. उतरवा."

मिस्तरीनं काळजावर दगड ठेवून वेग विसावर बांधला. म्हणाला, "बाई, वाघाले दहीभात चारून राह्यल्या तुम्ही."

खरी अडचण पुढंच होती. एवढ्या ताकदीच्या गाडीला नंबर लागतो, लायसन लागतं. बाई स्वतःहून परिवहन कार्यालयात गेल्या. तिथला अधिकारी भला होता. त्यानं गाडीचा फोटो उलटसुलट करून पाहिला, कंपनीचं नाव विचारलं. बाईंनी मिस्तरीला पुढं केलं. "कंपनी हे आहेत." अधिकाऱ्यानं हात जोडले. अर्ज घेतला, तो कुठंतरी वर पाठवला, आणि आजतागायत तो वरच आहे. दुसरं कुणी असतं तर खेड्यात कोण विचारतं म्हणून गाडी हाकली असती. पण बाईंनी जन्मभर सरकारी रजिस्टरात लाल शाईनं खाडाखोड केली नाही. त्यांनी नियम केला: कागद येईपर्यंत गाडी डांबराला लागणार नाही. टेम्पोतून गाडी गावात आली आणि तेव्हापासून ती शेतांमधल्या पांदणीनं जाते, बांधावरून जाते. वाटेत डांबरी रस्ता आडवा आला की बाई उतरतात, डावी-उजवी पाहतात आणि गाडी ढकलत पलीकडे नेतात. मागं गिरजाबाई बसलेलीच असायची. एस.टी.च्या कंडक्टरनं एकदा खिडकीतून विचारलं, "बंद पडली का शिस्टरबाई?" तर बाई म्हणाल्या, "नाई. कायद्यानं चालून राह्यली. ढकलाले लायसन लागत नाई."

महाशिवरात्रीला मी मुद्दाम गेले होते. सकाळच्या उन्हात दोघी नदीत उतरल्या, मी नारळाची पिशवी घेऊन मागून चालत. बैलगाड्या रेतीत रुतत होत्या, माणसं उतरून चाकांना हात लावत होती, आणि त्यांच्या मधून ती निळी गाडी, आवाज नाही की धूर नाही, बैलाच्याच चालीनं पण न थांबता चालली होती. लोक हात जोडत होते. गाडीला की गिरजाबाईला, ते सांगता येत नव्हतं. मधे पाण्याची धार लागली. मिस्तरीनं लिहून दिलं होतं, मोटार पाण्यात घालू नये. मासे धरणाऱ्या ढिवरांनी दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, एकमेकांना बांधून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यावर गाडी चढवायचं ठरलं. गिरजाबाई मात्र गाडीवरून उतरायला तयार होईना.

"माय, उतर वं. डोंगा पलटन," नावाडी कळवळून म्हणाला.

"तू जलमताना पायानं आला होतास, याद आहे का? तवा मीच सरळ केलं तुले. आता मले पाण्यात पाडशील?"

नावाड्याच्या मिशा पांढऱ्या होत्या, पण तो लाजला. चौघांनी गाडी धरली, बाईंनी गिरजाबाईला धरलं, आणि ती म्हातारी गाडीवर, गाडी डोंग्यावर, अशी पालखीसारखी पलीकडे गेली. देवळाशी दोघी बराच वेळ बसल्या. गिरजाबाई गर्दी पाहत होती. एकेका माणसाकडे बोट दाखवून "हा आपला, हा आपला नाई," असं सांगत होती. निघताना तिनं फळीला पाठ घासली आणि म्हणाली, "शिस्टर, पुढच्या साली सीट जराशी रुंद कर."

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गिरजाबाई अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण पार तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला नोकरीवर असलेला तिचा लेक आला आणि आईला घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही. बाईंनीच तिची गोळ्यांची पिशवी भरून दिली, कोणती कधी ते सुनेला समजावून सांगितलं. आता दर रविवारी फोन येतो. तिकडे गोदावरी आहे, मासे चांगले आहेत, सून जीव लावते, पण शेजारी सारे तेलुगू बोलतात. "कोणी पोटुशी दिसली तर तिले काय विचारू, कसं विचारू?" हे गिरजाबाईचं मोठं दुःख आहे.

परवा मी गेले तर बाईंच्या भिंतीवर कागदाला कागद जोडून केलेला एक रस्ता होता. सिरोंचा तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी एका चार्जिंगमध्ये साठ जाते. आष्टी, आलापल्ली आणि पुढची गावं, त्यांत ओळखीच्या नर्सांची नावं. "जिथी उपकेंद्र तिथी नर्स, जिथी नर्स तिथी चार्जिंगचा पलग," बाईंनी समजावलं. फक्त वरून कागद यायचाय.

मी म्हटलं, "बाई, सिरोंच्याला रोज बस जाते की. उद्या सकाळी बसलात तर संध्याकाळी भेटाल."

बाईंनी कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. मग म्हणाल्या, "बसनं जाईन, भेटन, अन् एकटीच वापस येईन. गाडीनं गेली तर तिले मांगं बसवून आणता येते वं."

ओसरीत गाडी उभी होती. मिस्तरी येऊन सीट रुंद करून गेला होता. वरचं रेक्झिन अगदी नवं होतं, घडीच्या खुणासुद्धा गेल्या नव्हत्या. बाई आत चहा ठेवायला गेल्या तेव्हा मला वाटलं, जरा बसून पाहावं. मी कडीला हात लावला, पण बसले नाही.