विहिरीतल्या पोराची गोष्ट

ढाणकीकडच्या तांड्यांत रुपीबाई बायबलातल्या गोष्टी सांगत हिंडायची. मिशननं तिला बायबलबाई नेमलं होतं. वाचता येत नव्हतं. सुरुवातीच्या वर्गात ऐकलं तेवढं तिला पाठ होतं. यवतमाळला बायबलबायांचा वर्ग दर उन्हाळ्यात भरे, पण अलीकडे ती जात नसे. "बाप्तिस्मा एकदाच होते ना, पाळकसाहेब? तसंच शिकणं," असं ऐकवून मोकळी व्हायची.

तिची गाजलेली गोष्ट योसेफाची. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, तेवढ्यात उंटांवर माल लादलेले व्यापारी आले. त्यांनी पोराला वर काढलं, लेकरासारखं सांभाळलं आणि मिसर देशात मोठा माणूस केलं. तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी स्वतः बैलांवर मीठ लादून व्यापार केला होता. व्यापारी आले की ते खूश होऊन माना डोलवत.

१९५८च्या मे महिन्यात जमनीनं तिला वाटेत गाठलं. जमनी विधवा, पदरात एकच पोरगा. "प्रेमसिंगले उद्या धाडून राह्यली, बाई. बैलांचे व्यापारी हैदराबादकडे चालले. पोरगं कामाले द्या म्हणतात. तुया गोष्टीतल्यावानी भलं होईन त्याचं."

"बरं केलं," रुपीबाई म्हणाली आणि घरी येऊन तिनं कौतुकानं सुनेला सांगितलं. कोकिळा मिशनच्या शाळेत शिकलेली. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणे.

"पण याडी, त्या व्यापाऱ्यायनं तर योसेफाले विकलं."

"कोणी सांगितलं तुले?"

कोकिळेनं पिठाचे हात पुसले आणि पुस्तक काढून वाचलं. व्यापाऱ्यांनी भावांकडून पोरगा विकत घेतला आणि मिसरात नेऊन विकला. रुपीबाईनं तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. भाकरी तव्यावर करपली. वर्गातच असं ऐकलं होतं, का सांभाळल्याचं आपण पदरचं घातलं, तिला आठवेना. माना डोलल्या तिथं एखादा शब्द वाढला असेल. या तांड्यात एक, पुढच्यात दुसरा. ती उठून दारात गेली, परत आली, पुन्हा गेली.

सकाळी सुनेला घेऊन ती जमनीकडे पोचली तेव्हा व्यापारी बैल हाकायच्या तयारीत होते. प्रेमसिंग गाठोडं घेऊन उभा होता.

"जमने, मी चुकीचं सांगत होती. सून वाचते, ऐक."

जमनीनं ऐकून घेतलं. "पण शेवटी मोठा झाला ना तो?"

"झाला," कोकिळा म्हणाली. "त्याच्या आधी तुरुंगात पडला होता."

"हे तं तू कधी सांगितलंच नाही, बाई."

"मीच विसरून गेलती."

"चालतं का पोट्टं? ऊन चढून राह्यलं," व्यापारी ओरडला.

जमनी त्याच्याकडे वळली. "याले तुमच्यापाशीच ठेवान का दुसऱ्याले द्यान?"

"काम निघंन तिथं राहीन," तो हसला. "तुले कायले पाह्यजे ठिकाण?"

जमनीनं पोराच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं. बैल गेले. मग ती रुपीबाईवर उखडली. "आता याच्या पोटाचं काय, तेबी वाच ना."

कोकिळा पानं चाळू लागली. रुपीबाईनं तिला थांबवलं. "मले माहीत नाही," ती जमनीला म्हणाली.

त्याच आठवड्यात ती यवतमाळला गेली. वर्ग सुरू झाला होता. तरण्या बायांच्या मागं जागा करून बसली. पाळकांनी विचारलं, "तुम्हांला तर सगळं येतं, रुपीबाई. आज काहून आल्या?"

"आणखी काय काय चुकीचं सांगितलं असंन," ती म्हणाली, "ते पाहाले आली."