पुरा कोयता

वडीगोद्रीच्या रस्त्याला माझं चहाचं हॉटेल हाय. दसरा जवळ आला की ऊसतोडीचे मुकादम माझ्याच बाकावर बसून टोळ्या जमवतात. "किती कोयते?" असं इचारलं की हत्यारं कुणी मोजत न्हाई. कोयता म्हणजे नवरा-बायको. तो ऊस तोडणार, ती मोळ्या बांधणार. लोखंडाचं नाव माणसाला कधी चिकटलं, काय म्हाईत. अन् एकटं माणूस असलं की अर्धा कोयता, त्याला टोळीत घ्यायला मुकादम नाखूश.

सत्यशीलाला दोन वर्षं हेच ऐकावं लागलं. तिचा नवरा कडूबा काविळीनं गेला, त्या दिवसापासून ही अर्धी. हातपाय धड, तोडायला गड्याहून चपळ, तरी अर्धी. मला लई राग यायचा, पण माझ्या रागानं तिची चूल थोडीच पेटणार?

यंदा तिची पायल दहावीला. अंकुशनगरच्या बाजूच्या उसाच्या फडात काम भेटलं तर सत्यशीला रोज संध्याकाळी घरी येणार. न्हाई भेटलं तर पोरीला घेऊन भावाच्या टोळीसंगं कर्नाटकात जावं लागणार, अन् शाळा बुडणार. पोरीला ठेवावं असं घरात दुसरं कुणी न्हाई.

तातेराव मुकादम चहा पीत बसल्ता, तवा ती आली. संगं शेजारची दैवशाला, नवऱ्यानं टाकलेली.

"मुकादम, आमच्या दोघींचं नाव लिवा," सत्यशीला म्हणली. "एक कोयता."

तातेराव हसला. "दोन अर्धे म्हणा. डोक्यावर मोळी घेऊन ट्रक कोण भरील, बाई?"

"आतापस्तोर कोण भरत होतं?" दैवशाला म्हणली. "तवा आम्ही बाया दिसलो न्हाई?"

मंग माझंच तोंड सुटलं. "ऊस काय लग्नपत्रिका बघून तुटतो का, तातेराव? फड सुरू झाला की चार दिवस बघा, मंग बोला."

"बरं. चार दिवस," तो म्हणला.

फड सुरू झाला. ते चार दिवस मी कुणाच्या चहात साखर टाकली अन् कुणाच्या न्हाई, ध्यान न्हाई. पाचव्या दिवशी तातेराव एकटाच आला. बसला, चहा मागितला, निवांत प्याला. मंग वही काढून माझ्यापुढं धरली. सातव्या नंबरला दोघींची नावं होती. पुढं 'अर्धा, अर्धा' लिवलेलं खोडून टाकल्तं.

"बराबर तोडून राह्यल्या," तो म्हणला. "कुणाच्या मागं न्हाईत."

माझा जीव भांड्यात पडला. मी मेली पदरानं डोळे पुसायला लागले.

"आज दोन बहिणी आल्त्या," तातेराव उठता उठता म्हणला. "म्हणल्या, आमचा बी कोयता लिवा."

"मंग?"

"लिवला. नवरे कुठं हायत, ते इचारायचंच राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल दप्तर घेऊन हॉटेलापुढून चालल्ती. हाक मारावी वाटलं, पण मारली न्हाई. तिला शाळेला उशीर झाला असता.